बुरशी आहे, काळजी घ्यावी

पाटीवर चारच शब्द होते : 'बुरशी आहे. काळजी घ्यावी.' पुठ्ठ्यावर काळ्या मार्करने लिहून, पावसाने भिजू नये म्हणून वरून प्लास्टिक गुंडाळून, बायकोने ती निपाणीजवळच्या माहेरच्या मळ्यात बांबूला बांधली होती. पाटीमागे सावलीच्या जाळीखाली निलगिरीच्या रोपांच्या काळ्या पिशव्या चार रांगांत मांडलेल्या होत्या. त्या रोपांच्या मुळांवर बुरशी होती. ती असायलाच हवी होती. ती नसती तर रोपांचा काही उपयोग नव्हता, आणि रोपांचा उपयोग नसता तर बायकोची पीएचडी संपली असती. पुरी झाली असती या अर्थाने नव्हे.

आयुष्य वर्तमानपत्राच्या डेस्कवर गेलेल्या माणसाला अशा मजकुरातले दोन खड्डे लगेच दिसतात. काळजी कुणाची, हे लिहिलेले नाही. कुणी घ्यायची, हेही नाही. पण ही पाटी माझ्या नजरेला पडली ती सगळे होऊन गेल्यावर.

बायको बेळगावातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. संशोधनासाठी नाव नोंदवले ते मुले मोठी झाल्यावर, म्हणजे उशिराच. एक मुदतवाढ झाली, दुसरी झाली, आणि दुसरी देताना ही शेवटची, असे विद्यापीठाने तोंडी आणि लेखी दोन्ही बजावले. या पावसाळ्यात रोपे वाढवायची, भाद्रपदात मुळे काढून तपासायची आणि वर्षाच्या आत प्रबंध द्यायचा, एवढीच वाट उरली होती. रोपे पुन्हा वाढवायला दुसरा पावसाळा मिळणार नव्हता.

विषय एका वाक्यात सांग, असे मी तिला अनेकदा म्हटले. तिला तो एका वाक्यात सांगता आला नाही आणि नंतर मलाही आला नाही. तो असा : काही झाडांच्या बारीक मुळांवर एक प्रकारची बुरशी वस्ती करते. मुळाच्या टोकावर पांढरा मोजा घातल्यासारखे तिचे आवरण चढते. हा रोग नाही, देवघेव आहे. बुरशी मातीतला नायट्रोजन उचलते, त्याचे पचेल असे रूप करते आणि मुळाला देते. बदल्यात झाडाकडून साखर घेते. म्हणजे झाड जेवते खरे, पण स्वयंपाक दुसरीकडे होतो. आता त्या मातीत चुना घातला किंवा साखर कारखान्याची मळी घातली, तर नायट्रोजनचे रूपच बदलते. मग हा स्वयंपाक कोण करते? बुरशीच, की मूळ स्वतः चूल मांडते? मुळातली कोणती द्रव्ये किती जोरात काम करतात यावरून ते कळते. म्हणून एका पिशवीत चुना, दुसरीत मळी, तिसरीत नुसती माती.

हे ऐकून झाल्यावर प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला : 'मग याचा उपयोग काय?' शेजारच्यांनी विचारला, कॉलेजातल्या सहकाऱ्यांनी विचारला, आमच्या मुलाने विचारला. निलगिरीचे नाव निघाले की दुसरा प्रश्न यायचा : 'ते झाड पाणी पिऊन टाकतं ना?' पहिल्या वर्षी ती उत्तर द्यायची. नंतर तिने 'हो' म्हणायला सुरुवात केली. दोन्ही प्रश्नांना.

माती बेळगुंदीच्या बाजूच्या एका जुन्या निलगिरीच्या राईतून आणायची होती, कारण तिच्यात ही बुरशी आयती होती. आम्ही दोघे कुदळ आणि पोती घेऊन गेलो. मालकाची परवानगी होती. तरी रस्त्यात जमिनी जाण्याची धास्ती तिथे होती, आणि थोड्याच वेळात बांधावर चारपाच माणसे गोळा झाली.

"काय मोजणी हाय काय रस्त्याची?"

"नाही हो. माती न्यायला आलोय."

"माती? आनि ती कशाला?"

"तपासायला. कॉलेजचं काम आहे."

"म्हंजे सर्वेच की!" असे म्हणून एकाने खिशातून फोन काढला आणि तालुक्याला कुणालातरी कळवले. ती पोती रिक्षाटेंपोत चढेपर्यंत आमच्यासोबत दोन माणसे उभी होती. मदतीला नव्हे.

ती माती आधी कॉलेजच्या मागच्या अंगणात नेली होती. रोपे तिथेच वाढायची होती. मे महिन्याच्या सुट्टीत त्या अंगणावर गाड्या लावण्यासाठी सिमेंटचे ठोकळे बसवण्यात आले. तिला कुणी विचारले नाही. पोती भिंतीशी सरकवून ठेवली होती एवढेच. आमच्या अपार्टमेंटच्या गच्चीवर पाणी झिरपते म्हणून कुंडीसुद्धा ठेवता येत नाही. राहिले माहेर.

माहेर जैन शेतकऱ्यांचे. घरात मराठी आणि कन्नड दोन्ही, एकाच वाक्यातसुद्धा. मळा थोरल्या भावाकडे, त्याला आम्ही सगळे अण्णा म्हणतो. तंबाखू आणि ऊस. दरवर्षी तो तंबाखूचा तरवा, म्हणजे रोपांचा वाफा, टाकतो, आणि अण्णाचा तरवा मरत नाही हा त्याचा लौकिक आहे. त्याने एका शब्दात जागा दिली, जाळी स्वतः बांधली, पिशव्या भरायला बायका लावून दिल्या. "तू काळजी करू नको गं. रोपं म्हंजे आपला धंदा हाय," तो बहिणीला म्हणाला. हे वाक्य तेव्हाच खटकायला हवे होते.

अडचण वाटत होती ती सासूबाईंची. त्यांना घरात आव्वा म्हणतात. त्यांच्या स्वयंपाकघरात कांदा नाही, बटाटा नाही, अळंबी तर दूरच. लोणच्यावर पांढरा ठिपका दिसला तर त्या बरणीला हात लावत नाहीत, कारण त्यात अगणित जीव असतात अशी त्यांची श्रद्धा. चातुर्मासात तर ओल्या भिंतीवरचे शेवाळसुद्धा खरवडू देत नाहीत. पाय जपून टाकतात. बुरशीला त्या कन्नडातला शब्द वापरतात, बूष्ट.

"जल्मभर आमी बूष्ट टाळत आलो, आनि ही त्याच्यावर डिग्री घ्यायलीया," त्या मला म्हणाल्या. "दाजी, तुमी तरी सांगायचं."

मी सांगितले नाही. पिशव्या मांडल्या गेल्या. प्रत्येक रांगेत चुन्याच्या, मळीच्या आणि साध्या मातीच्या अशा सगळ्या पिशव्या बायकोने मुद्दाम मिसळून ठेवल्या होत्या. एक रांग म्हणजे एक पुरा प्रयोग, तोच चारदा. एखाद्या रांगेला गुरांनी तोंड लावले तर उरलेल्या राहाव्यात म्हणून. गुरे आली नाहीत.

जुलैत एकदा तिने एक पिशवी फाडून पाहिली. बारीक मुळांची टोके पांढरीशुभ्र झाली होती. तिने ती भिंगाखाली पाहिली, फोटो काढला, मार्गदर्शकांना पाठवला, मलाही दाखवला. नंतर मळ्यातल्या कुणी रोपांना हात लावू नये, जवळ तंबाखूचे औषध मारू नये म्हणून पाटी लिहिली आणि बेळगावला परत आली. मी त्या दिवशी लोंढ्याला नातेवाइकांकडे होतो.

पुढचे आम्हाला कळले ते नंतरच्या रविवारी, संकेश्वरमार्गे बसने निपाणीला गेलो तेव्हा. अण्णा फाटकातच उभा होता. चेहऱ्यावर उपकार केल्याचे समाधान.

"ये. काम केलंय तुजं."

"कसलं काम?"

"बुरशी लागलीती न्हवं? हटवली."

बायको जाळीकडे धावली नाही. ती सरळ रेषेत, नेहमीच्या चालीने गेली. मी मागे होतो. पहिल्या दोन रांगांतल्या रोपांच्या पानांवर, देठांवर, पिशव्यांच्या काठांवर निळसर पांढरे शिंतोडे वाळलेले होते. मोरचूद आणि चुना. तंबाखूच्या तरव्यात रोपे जमिनीलगत कुजून कोलमडू लागली की हे निळे पाणी मुळाशी ओततात. या पट्ट्यात ते घरोघरी करतात, आणि त्याला म्हणतात औषध. डेस्कवर बसून मी वर्षानुवर्षे 'औषध' खोडून 'कीटकनाशक' किंवा 'बुरशीनाशक' लिहीत आलो. वाचकांनी ते कधी मनावर घेतले नाही.

"अण्णा, हे तू का केलंस?" तिने विचारले. आवाज चढलेला नव्हता.

"का म्हंजे? तूच लिवलंयस की. वाच." त्याने पाटीवर बोट ठेवले. "बुरशी हाय. काळजी घ्यावी. घेतली काळजी."

"काळजी बुरशीची घ्यायची होती!"

अण्णाने बहिणीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. "दाजी, हिची तब्येत बरी हाय न्हवं?"

तिथे मी पाटी पहिल्यांदा वाचली. व्याकरणाने अण्णा बरोबर होता. प्रयोगाच्या बाजूने पाहिले तर त्या दोन रांगांचे याहून पूर्ण नुकसान करता आले नसते. मोरचुदाने मुळावरची बुरशी मारली, आणि चुना जिथे मुद्दाम घातला नव्हता त्या पिशव्यांतही चुना गेला. मळीच्या, साध्या, चुन्याच्या, सगळ्या एक झाल्या.

तिने तिथूनच मार्गदर्शकांना फोन लावला. ते कुठल्याशा समारंभात होते, मागे सनई ऐकू येत होती. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि सुचवले, की त्या रांगांकडे बुरशीनाशकाचा वेगळा प्रयोग म्हणून पाहता येईल. फक्त प्रमाण माहीत हवे. तिने फोन हाताने झाकला.

"अण्णा, किती ओतलंस?"

"बेतानं."

"बेतानं म्हणजे किती?"

"म्हंजे लई न्हाय, कमी न्हाय."

"मोरचूद किती, चुना किती?"

"त्ये हाताला कळतंय की गं. विळा बुडवून बघितला. तांबडा झाला न्हाय, म्हंजे चुना बरोबर." विळ्यावर तांबे चढले नाही तर मिश्रण जमले, ही इथली जुनी परीक्षा. ती चुकीची नाही. पण प्रबंधात लिहिता येत नाही. "बेतानं," असे तिने फोनवर सांगितले. पलीकडे बराच वेळ नुसती सनई वाजत राहिली.

यानंतर तिने तो प्रश्न विचारला जो मला सुचला नव्हता. "मागच्या दोन रांगा का सोडल्यास?"

अण्णाचे समाधान पहिल्यांदा कमी झाले. "सोडल्या कुठं? आव्वानं सोडायला लावल्या."

झाले होते ते असे. अण्णा बादली घेऊन रांगेरांगेने ओतत होता. घरापुढच्या सोप्यावर माळ घेऊन बसलेल्या आव्वांनी विचारले, काय करायलास? बुरशी मारायलोय, तो म्हणाला. चातुर्मासात? असे म्हणून त्या उठल्या. बादली खाली ठेव, नाहीतर आज मी जेवत नाही, एवढेच त्या बोलल्या. त्या तसे बोलतात तेव्हा खरेच जेवत नाहीत हे घरात सगळ्यांना माहीत आहे. सूर्य मावळण्यापूर्वीचे जेवण चुकले की दुसऱ्या सकाळपर्यंत काही नाही. अण्णाने उरलेले निळे पाणी आपल्या तरव्यात नेऊन ओतले.

दोन रांगा शिल्लक होत्या. पांढरी टोके शाबूत होती. एक पिशवी फाडून तिने खात्री केली. पुन्हा फोन लावला तेव्हा मार्गदर्शक म्हणाले, की दोनवर भागेल, पण काठावर आहे. यातले एकही रोप आता गमावू नका, आणि भाद्रपदातच मुळे काढा, उशीर झाला तर ती पिशवीत गोल फिरून गुंततील.

भाद्रपद आला. आम्ही कात्री, डबे आणि बर्फाची पेटी घेऊन पुन्हा मळ्यात. आव्वा सोप्यावरच होत्या.

"कात्री कशाला आनलीस?"

"मुळं काढायचीत, आव्वा. धुऊन, गोठवून, वाटून तपासायची."

"वाटून?"

"हो. त्याशिवाय आत काय चाललंय ते कळत नाही."

आव्वांनी कात्रीकडे पाहिले. मग म्हणाल्या, "म्हंजे मारायचंच. मग मी वाचवलं कशासाठी?"

बायकोने बर्फाची पेटी खाली ठेवली. अण्णाला मात्र बोलायचा हुरूप आला. "बघा दाजी, मी मारलं तर पाप, आनि हिनं मारलं तर पीएचडी."

"तू गप रे," आव्वा म्हणाल्या. मग मुलीकडे वळून : "कार्तिकापर्यंत थांब. चातुर्मास सरू दे. मग काय करायचं ते कर."

"कार्तिकात मुळं उपयोगाची नाहीत. आणि मला मुदत नाही."

"मुदत कुनी दिली?"

"विद्यापीठानं."

"आनि चातुर्मास कुनी दिला?"

पुढे दोघी कन्नडात बोलू लागल्या. कन्नड मलाही येते हे त्या घरात सोयीनुसार विसरले जाते. मुलगी सांगत होती की इतक्या वर्षांचे काम आहे. आई सांगत होती की एका दिवसात काही बिघडत नाही. एका दिवसाचा प्रश्न नव्हता, दोन महिन्यांचा होता, हे मुलगी तिसऱ्यांदा सांगत होती. आई सांगत होती की हेच ती लहानपणापासून करते, दुसऱ्याचे ऐकून घेते आणि आपलेच करते. वाद बुरशीवरून निघून लग्नानंतर कुठे राहायचे इथपर्यंत गेला आणि परत बुरशीवर आला. अण्णा फोन पाहत बसला. मी कात्री पेटीत ठेवली.

ऊन उतरायच्या आत पाने वाढली गेली. आव्वांनी मुलीच्या ताटात दुसरी भाकरी टाकली आणि तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "हितं न्हाय. ह्या मळ्यात एक मूळ उपटायचं न्हाय. बेळगावला ने. तिथं काय करतीस त्ये मी बघायला येत न्हाय. मला सांगू बी नको."

दुसऱ्या दिवशी दोन रांगा अण्णाच्या पिकअपमध्ये चढवल्या. अण्णा स्वतः चालवायला बसला. त्याने यावेळी सूचना मागितल्या, त्या बायकोने दिल्या, त्याने त्या मोठ्याने परत म्हणून दाखवल्या. हळू चालवायचे, उन्हात थांबायचे नाही, काही ओतायचे नाही. संकेश्वरला चहाला थांबलो तर एका गृहस्थाने रोपे विकायची आहेत का, असे विचारले. "निलगिरी हाय," अण्णा म्हणाला. "मग नको. पानी लई पितंय त्ये." बायको गाडीतून म्हणाली, "हो."

काम कॉलेजच्या प्रयोगशाळेत झाले. मुळे धुतली, पांढरी टोके चिमट्याने वेगळी केली. ती क्षणात गोठवावी लागतात, नाहीतर आतली हालचाल बदलून जाते. त्यासाठी द्रवरूप नायट्रोजन आणला होता, जनावरांच्या कृत्रिम रेतनाला वापरतात तोच, एका ओळखीच्या पशुवैद्यांकडून. नायट्रोजन मोजायला नायट्रोजनमध्येच बुडवायचे, यावर मी काहीतरी बोललो. तिने खलातून मान वर केली नाही.

ती वाटत असतानाच तिचा फोन वाजला. हात गुंतले होते म्हणून मी तो स्पीकरवर ठेवला. आव्वा होत्या.

"पोचलीसा न्हवं नीट?"

"पोचलो, आव्वा. काल संध्याकाळीच."

"आनि रोपं?"

खलात गोठलेल्या मुळांची पांढुरकी भुकटी झाली होती. थंड वाफ काठावरून खाली सांडत होती. सांगू नको असे स्वतःच बजावणाऱ्या बाईने स्वतःच विचारले होते, आणि त्यात विसर पडल्याचा भाग नव्हता.

"कामाला आली," बायको म्हणाली.

"बरं." मग : "ऊन हाय तवर जेवून घे." फोन ठेवला गेला.

निष्कर्ष निघाले. साध्या मातीतल्या मुळांवर बुरशीचा मोजा दाट होता आणि स्वयंपाक तिच्याकडेच होता. चुन्याच्या मातीत मोजा विरळ झाला आणि मुळाने स्वतः चूल मांडलेली दिसली. मळीचे चित्र दोन रांगांवरून स्पष्ट झाले नाही. चार असत्या तर झाले असते. हे तिने प्रबंधात जसेच्या तसे लिहिले. दोनच रांगा का, याचे कारण द्यावे लागणार होते. मार्गदर्शकांनी सुचवले, 'अपरिहार्य कारणास्तव.' हा शब्दप्रयोग मी डेस्कवर कधीही जाऊ दिलेला नाही. त्यामागे नेहमी एखादा माणूस असतो. तिने लिहिले : 'दोन रांगांवर चुकीने बुरशीनाशक ओतले गेले.' कुणाच्या चुकीने, हे त्याही वाक्यात नव्हते. मी ते तसेच ठेवले.

तोंडी परीक्षा सगळ्यांसाठी खुली होती, म्हणून मी मागच्या बाकावर बसलो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पाने उलटली आणि चष्म्यावरून पाहिले.

"दोन रांगांवर बुरशीनाशक पडलं हे समजलं. मग उरलेल्या दोन कशा वाचल्या?"

मार्गदर्शक खिडकीबाहेर पाहू लागले. बायकोने उत्तराला वेळ घेतला नाही.

"माझी आई आडवी आली, सर."

परीक्षकांनी पेन उचलले, काही लिहिले नाही, परत ठेवले. पुढचा प्रश्न त्यांनी चुन्याबद्दल विचारला.